काहीच न गाळणारी गाळणी : फेज, कान आणि एक लांबलेला वाद



तत्त्वज्ञानाच्या माणसानं आवाजाच्या फिल्टरवर काय बोलायचं, असं काहींना वाटत असेल. शंका रास्त आहे. मी काही हातात सोल्डरिंगची इस्त्री धरणारा माणूस नव्हे. पण या फिल्टरच्या इतिहासात आमच्या विषयातला एक जुना प्रश्न दडून बसलेला आहे. दोन गोष्टी 'तीच' आहेत असं आपण केव्हा म्हणायचं? घटक तेच आहेत, प्रत्येकाचं प्रमाण तेच आहे, फक्त त्यांची आपापसातली वेळ बदलली. मग वस्तू तीच राहिली की दुसरी झाली? आवाजाच्या बाबतीत या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला, एका बाजूचा विजय जाहीर झाला, आणि पुढच्या शतकात तंत्रज्ञांनी तो निकाल हळूहळू पुन्हा उघडला. आज त्याची गोष्ट.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला शब्द 'फेज'. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला 'कला' म्हणतात, चंद्राच्या कला असतात तशी. तरंग आपल्या फेऱ्यात कुठवर आला आहे, याचं हे माप. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. दोन सारखे तरंग एकाच कलेत असले तर त्यांची बेरीज दुप्पट होते. त्यांच्यात १८० अंशांचं अंतर पडलं तर एकाचा चढ तो दुसऱ्याचा उतार, आणि बेरीज शून्य. घरातल्या दोन स्पीकरपैकी एकाच्या वायरी उलट्या लागल्या की गाण्यातला खर्ज गायब होतो आणि आवाज पोकळ वाटतो. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तिथे बिघडलेलं काहीच नसतं, फक्त कला उलटी झालेली असते.

दुसरा शब्द 'ऑल-पास फिल्टर'. फिल्टर म्हणजे गाळणी. चहाची गाळणी चोथा अडवते, रेडिओवरचं ट्रेबलचं बटण वरचे स्वर अडवतं. ऑल-पास ही अशी गाळणी आहे, की ती काहीच अडवत नाही. खर्ज असो वा तार, जितक्या जोरानं आत गेला तितक्याच जोरानं बाहेर येतो. मग ती करते तरी काय? ती कला बदलते, आणि प्रत्येक वारंवारतेसाठी वेगळी बदलते. सगळ्यात साध्या प्रकारात अगदी खालच्या स्वरांना जवळजवळ काही होत नाही, अगदी वरचे स्वर १८० अंशांनी फिरतात, आणि मधे एक वारंवारता अशी असते जिथे बरोबर ९० अंशांचा फरक पडतो. दिंडीचं उदाहरण घ्या. मुक्कामाला सगळे पोचले, एकही वारकरी कमी नाही. पण निघताना जे एका ओळीत होते ते पोचताना पुढेमागे झाले. शिरगणती केली तर काहीच बदललेलं दिसत नाही.

आता प्रश्न असा, की कान नुसती शिरगणती करतो, की ओळही पाहतो?

ओम, झेबेक आणि हेल्महोल्ट्झ

विद्युत्‌रोधाच्या नियमामुळे शाळेत ज्याचं नाव आपण पाठ केलं, त्याच गेऑर्ग ओमनं १८४३ साली ऐकण्याबद्दलही एक नियम मांडला. फूरिएनं १८२२ मध्ये उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलं होतं, की गुंतागुंतीच्या आवर्ती आकाराचे साधे, गुळगुळीत तरंग वेगळे काढता येतात. ओम म्हणाला, कानही हेच करतो. तो मिश्र आवाज फोडतो आणि त्यातले साधे घटक ऐकतो. सायरनवर प्रयोग करणारा आउगुस्ट झेबेक याला तयार नव्हता. त्याच्या प्रयोगात मूळ घटक अगदी क्षीण असतानाही तो स्वर ठसठशीत ऐकू येत होता. तो म्हणत होता, की घटक एकत्र येऊन काही करतात, नुसते सुटे सुटे मोजून भागत नाही.

झेबेक १८४९ मध्ये वारला. नंतर हेल्महोल्ट्झनं ओमची बाजू घेतली. हा माणूस शरीरशास्त्र, पदार्थविज्ञान आणि संगीत तिन्ही जाणणारा. त्यानं विजेवर वाजणारे स्वरकाटे ओळीनं मांडले. प्रत्येकापुढे एक पोकळ अनुनादक. एक काटा मूळ स्वराचा, बाकीचे त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे. अनुनादकांची तोंडं कमीजास्त उघडून तो घटकांचं प्रमाण आणि कला बदलू शकत होता. १८६३ च्या स्वरसंवेदनेवरच्या ग्रंथात त्यानं निष्कर्ष दिला, की आवाजाची जात घटकांच्या प्रमाणावर ठरते, त्यांच्या कलेवर नाही.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. हेल्महोल्ट्झनं हे विधान सलग, स्थिर वाजणाऱ्या सांगीतिक स्वराबद्दल केलं होतं. स्वर सुरू होतानाचा आघात, संपतानाची उतरण, ओठांचा फुत्कार, हे सगळं त्यानं जाणूनबुजून बाजूला ठेवलं होतं. पुढे लोकांनी नियम लक्षात ठेवला आणि अट विसरली. 'कान कलेच्या बाबतीत बहिरा आहे' असं सरसकट सांगितलं जाऊ लागलं. तर्कशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगत असे, की उपाधी गाळली की व्याप्ती बिघडते. ओलं लाकूड असेल तरच अग्नीसोबत धूर. अट सोडली तर जिथे अग्नी तिथे धूर म्हणावं लागेल, आणि तापलेला लोखंडाचा गोळा समोर आला की वादी अडचणीत येईल. इथे तसंच झालं.

पॅरिसला ध्वनियंत्रं बनवणारा रुडॉल्फ कोनिग आपल्या तरंग-सायरनवर वेगळंच ऐकत होता. त्याच्या मते कला बदलली की आवाजाची जात बदलते, थोडीशी का होईना. पण हेल्महोल्ट्झचा दबदबा इतका, की कोनिगचं म्हणणं कडेला पडलं. एका बाजूनं मात्र निकालाला तडा गेला. १९०७ मध्ये लॉर्ड रॅले यानं दाखवलं, की खालच्या स्वरांचा आवाज कुठल्या दिशेनं येतो हे आपण दोन कानांवर पोचणाऱ्या कलेतल्या फरकावरून ओळखतो. म्हणजे कलेचा हिशेब शरीर ठेवतच होतं.

टेलिफोनच्या तारा

यानंतरचा अंक प्रयोगशाळेत घडला नाही. तो अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर घडला. शेकडो मैलांच्या केबलमधून बोलणं जाताना काही वारंवारता इतरांपेक्षा उशिरा पोचत. बोलण्यात हे बरंचसं खपून जाई, कारण शब्द कळत. फार लांब लाइन असली तर मात्र शब्दाच्या टोकाशी चिवचिवाटासारखं शेपूट ऐकू येई. आणि १९२५ पासून एटी अँड टी कंपनीनं त्याच तारांवरून छायाचित्रं पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कानानं माफ केलेला दोष डोळ्याला चांगलाच खुपला. उशिरा आलेल्या घटकांमुळे चित्राच्या कडा फिसकटत.

उपाय काय? पुढे गेलेल्यांना थांबवायचं. जो भाग आधी पोचतो त्यालाही मुद्दाम उशीर करायचा, म्हणजे सगळे एकदम पोचतील. पण त्यांचा जोर मात्र कमी होता कामा नये. हे काम कोण करणार? अर्थात काहीच न गाळणारी गाळणी. त्याच कंपनीतल्या ओटो झोबेलनं १९२८ मध्ये अशा जाळ्यांची पद्धतशीर रचना प्रसिद्ध केली. ऑल-पास फिल्टरचा संसार असा सुरू झाला, दुरुस्ती करणारा कामगार म्हणून. ऐकणाऱ्याला त्याचं अस्तित्व कळू नये, यातच त्याचं यश होतं.

त्याच काळात रेडिओवाल्यांना आणखी एक गोष्ट हवी होती. एकाच आवाजाच्या दोन प्रती, ज्यांच्यात सगळ्या वारंवारतांवर ९० अंशांचा फरक असेल. राल्फ हार्टलीच्या पद्धतीनं अशा दोन प्रती वापरल्या, की प्रक्षेपणाच्या दोन बाजूंपैकी एक उडवता येते आणि आकाशातली जागा निम्मी वाचते. एका ऑल-पासनं हे साधत नाही. दोन साखळ्या घ्याव्या लागतात, दोघी कला फिरवतात, पण एकमेकींपासून सतत ९० अंश दूर राहतात.

या युक्तीचा एक उपयोग सभागृहातल्या प्रत्येकाला जवळचा आहे. माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते. सभागृहातल्या कुठल्यातरी एका वारंवारतेवर आवाज फिरून फिरून वाढत जातो. बेल प्रयोगशाळेतल्या मानफ्रेड श्रोडरनं १९६४ मध्ये सुचवलं, की माईकमधून आलेला सगळा आवाज पाचेक हर्ट्झनं वर सरकवा. मग प्रत्येक फेरीत तो जागा बदलेल आणि एकाच ठिकाणी साचणार नाही. हे सरकवण्यासाठी पुन्हा त्याच ९० अंशांच्या जोडसाखळ्या लागतात. प्रवचनाला हे चालतं. गाण्याला चालत नाही. समजा २०० आणि ३०० हर्ट्झचे षड्ज-पंचम आहेत, दोनास तीन. पाचानं सरकवले की २०५ आणि ३०५ होतात, आणि दोनास तीनचं नातं मोडतं. स्वर दोन्ही आहेत, पण पंचम पंचम राहिला नाही. बघा, पुन्हा प्रश्न नात्याचाच आला.

घुमार, आणि 'बिनरंगी' या शब्दाची मर्यादा

श्रोडरचंच दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला संगणकावर कृत्रिम घुमार तयार करायचा होता. सोपी कल्पना अशी, की आवाज थोड्या उशिरानं परत आत सोडायचा, दरवेळी थोडा कमी करून. पण यात एक खोड आहे. काही वारंवारता उठून दिसतात, काही दबतात. आलेख काढला तर फणीच्या दातांसारखा दिसतो, म्हणून त्याला कोंब फिल्टर म्हणतात. आणि आवाज पत्र्याच्या पिंपात बोलल्यासारखा येतो.

१९६१ मध्ये श्रोडर आणि बेन लोगन यांनी दाखवलं, की मूळ आवाजाचा एक अंश उलट्या चिन्हानं योग्य प्रमाणात मिसळला, तर फणीचे दात सपाट होतात. प्रतिध्वनी तर येत राहतात, पण कुठलीच वारंवारता वरखाली होत नाही. म्हणजे ऑल-पास! त्यांनी त्याला 'रंगहीन' घुमार म्हटलं. १९६२ च्या लेखात श्रोडरनं पुढची रचना दिली. समांतर चार कोंब फिल्टर, ३० ते ४५ मिलिसेकंद उशिराचे. त्यांच्यामागे ओळीनं दोन ऑल-पास, ५ आणि १.७ मिलिसेकंदांचे. कारण सेकंदाला हजारएक प्रतिध्वनी असले तरच कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, असा त्याचा अंदाज होता. ऑल-पास प्रत्येक प्रतिध्वनीचे अनेक करतो आणि ही गर्दी वाढवतो. आज फोनवर गाणं रेकॉर्ड करून 'हॉल'चं बटण दाबलं, की आत बहुधा याच रचनेचं कुठलंतरी नातवंड काम करत असतं.

पण रंगहीन म्हणजे खरंच रंगहीन का? सलग सूर लावला तर हो. टाळी वाजवली तर नाही. एकट्या ऑल-पासमधून टाळी पाठवा, मागे धातूची झणझण ऐकू येते. गणितातला सपाटपणा हा अनंत काळ ऐकणाऱ्याचा सपाटपणा आहे. कान अनंत काळ थांबत नाही. तो काही मिलिसेकंदांच्या खिडकीतून ऐकतो, आणि त्या खिडकीत घटना कुठल्या क्रमानं आल्या हे त्याला कळतं. हेल्महोल्ट्झनं जी अट घातली होती ती इथे शंभर वर्षांनी परत समोर उभी राहते. स्थिर स्वराला नियम लागू, आघाताला नाही.

कामगार गायक होतो

१९६० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये फुमिओ मिएदा यांनी युनि-व्हाइब नावाची पेटी तयार केली. आत मधोमध एक लहानसा दिवा, भोवती प्रकाशाला प्रतिसाद देणारे चार घटक, आणि चार ऑल-पास टप्पे. दिवा मंद-तेज होत राहतो, त्याबरोबर टप्प्यांची कला सरकत राहते. कला फिरवलेला आवाज मूळ आवाजात मिसळला, की जिथे दोघांत १८० अंशांचं अंतर पडतं तिथे आवाज कापला जातो. चार टप्पे मिळून जास्तीत जास्त ७२० अंश फिरवतात, म्हणून असे काप दोन पडतात, एक १८० वर आणि एक ५४० वर. दिव्याबरोबर हे काप स्वरपटावर वरखाली फिरतात. परिणाम असा, की आवाज श्वास घेतोय असं वाटतं.

इथे तत्त्वाचा मुद्दा पाहा. फिरवलेला आवाज एकटा ऐकला तर फारसं काही कळत नाही. मूळ आवाज एकटा, तर अर्थात काहीच नाही. दोघांची गाठ घातली की जे कुठेच नव्हतं ते ऐकू येतं. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म यांच्या पंक्तीत 'समवाय' नावाचा संबंधही स्वतंत्र पदार्थ म्हणून बसवला, आणि त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा झाली. संबंध दिसत नाही, हाताला लागत नाही, मग त्याला पदार्थ का म्हणायचं? फेजर ऐकवून समवाय सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण नातं हे घटकांच्या यादीत न दिसताही परिणाम घडवतं, हे पटवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेन्ड्रिक्स ही पेटी घेऊन वाजवला. पुढे टॉम ओबरहाइम यांनी मेस्ट्रो कंपनीसाठी फेज शिफ्टर केला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एमएक्सआरचा नारिंगी 'फेज ९०' आला. बटण एकच, वेगाचं. १९७८ च्या पहिल्या अल्बमवर एडी व्हॅन हेलन यानं तो वापरला आणि गिटारवाल्यांच्या दोन पिढ्या त्याच्या नादी लागल्या. जी कला कानाला कळतच नाही असं पुस्तकं सांगत होती, ती दुकानात डबीत मिळू लागली.

त्याच वुडस्टॉकच्या व्यासपीठावर तीन दिवस आधी पंडित रविशंकर वाजवून गेले होते. अल्लारखाँसाहेब तबल्यावर, आणि मागे तंबोरा. तंबोऱ्याची जवारी लागली की एकाच तारेतून वरचे स्वर ओळीनं झिरपत खाली येतात, हे आपण सगळे जाणतो. मिरजेचे कारागीर घोडीच्या माथ्याला जो बारीक उतार देतात आणि खाली दोरा सरकवतात, तो त्यासाठी. चंद्रशेखर रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं, की या घोडीमुळे हेल्महोल्ट्झकडून आलेला तारेचा एक नियम मोडतो. जिथे तार छेडली तिथे ज्या स्वरांश्याचा स्थिर बिंदू असेल तो ऐकू येऊ नये, असा तो नियम. तंबोऱ्यात तो येतो.

तंबोरा म्हणजे फेजर नव्हे, दोघांची यंत्रणा वेगळी आहे. पण एक खरा धागा आहे. तार थोडी ताठ असते, म्हणून तिच्यात उंच वारंवारतेचे तरंग जरा लवकर धावतात, आणि जवारीच्या त्या झिरपण्यात याचा वाटा आहे. संगणकावर तार उभी करणारे लोक ही 'पुढेमागे होण्याची' क्रिया कशानं करतात? ऑल-पासनं. टेलिफोनवाल्यांनी जी गर्दी सरळ करायला तो आणला, तीच गर्दी मुद्दाम पांगवायला आता तो वापरतात.

सूर मिळवण्यासाठीही तोच लागतो. १९८३ मध्ये कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी तारेचं साधं संगणकीय रूप दिलं, आणि डेव्हिड जॅफी आणि ज्यूलियस स्मिथ यांनी ते सुधारलं. अडचण अशी. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर तारेची लांबी पूर्ण नमुन्यांतच ठेवता येते. ढोबळ हिशेब करू. ५० नमुन्यांना ८८२ हर्ट्झ, ४९ नमुन्यांना ९००. मधलं काहीच नाही. या दोघांतलं अंतर पन्नासास एकोणपन्नास, आणि आपली प्रमाणश्रुती एक्याऐंशीस ऐंशी, म्हणजे त्याहून लहान. त्या सप्तकात श्रुती लावणं सोडाच, नीट सूरही लागणार नाही. जॅफी-स्मिथनी फेऱ्यात एक ऑल-पास घातला, जो नमुन्याच्या अंशाइतकाच उशीर करतो आणि जोर मात्र कमी करत नाही. तार सुरात आली.

मग निकाल काय?

हेल्महोल्ट्झ चुकला का? मी तसं म्हणणार नाही. त्यानं ज्या अटीत विधान केलं त्या अटीत ते आजही पुष्कळ टिकतं. रेडिओ केंद्रं त्यावरच चालतात. माणसाच्या आवाजाचा आलेख एका बाजूला जास्त उंच असतो. ऑल-पासच्या साखळीतून नेला की तो दोन्ही बाजूंना सारखा होतो, शिखरं बसतात, आणि प्रक्षेपण अधिक जोरात करता येतं. ऐकणाऱ्याला निवेदक तोच वाटतो. स्पीकरमध्येही तसंच. लिंकविट्झ आणि रायली यांची १९७६ ची मांडणी खर्ज आणि तार दोन वेगळ्या स्पीकरना वाटते. दोघांची बेरीज जोराच्या दृष्टीनं अगदी सपाट येते, कला मात्र फिरलेली असते, म्हणजे संपूर्ण पेटी हाच एक ऑल-पास. लाखो लोक अशा पेट्यांवर समाधानानं गाणी ऐकतात.

म्हणून 'कानाला कला कळते की नाही' हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या आवाजाची? सलग की तुटक? एका कानाला की दोन्ही? एकटी की दुसऱ्या प्रतीबरोबर मिसळून? इतकं विचारल्यावर उत्तरं मिळतात, आणि ती एकमेकांशी भांडत नाहीत. झेबेकलाही उशिरा का होईना न्याय मिळाला. १९४० च्या आसपास हॉलंडमध्ये शाउटन यानं दाखवलं, की मूळ घटक पूर्ण काढून टाकला तरी वरच्या घटकांच्या एकत्र येण्यातून तो स्वर ऐकू येतो. झेबेकला जाऊन तोवर नव्वद वर्षं झाली होती.

मला यातून जी गोष्ट घ्यावीशी वाटते ती एवढीच. मोठ्या माणसाचं विधान आपण पाठ करतो तेव्हा त्याची अटही पाठ करावी. अट गळाली की विधानाचं अधिकारात रूपांतर होतं, आणि मग कोनिगसारख्या माणसानं स्वतःच्या कानानं ऐकलेलंही कोणी ऐकून घेत नाही. गाळणीनं काही गाळलं नव्हतं, गाळलं ते आपण.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्यानं विचारा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.